उभयतांचे भूमध्यदर्शन

भूमध्य समुद्रातील क्रूझ म्हणजे रात्र समुद्राला आणि दिवस शहराला अशी वाटणी करून दिलेला प्रवास होय. या समुद्राच्या काठची पाहण्याजोगी शहरे एकमेकांपासून साधारणपणे एका रात्रीच्या अंतरावर वसलेली असल्यामुळे, संध्याकाळी एका देशात जेवावे आणि सकाळी दुसऱ्या देशात दात घासावेत ही सोय येथे सहज साधते. जहाज ठरवले तर याहून लवकर पोहोचू शकते; परंतु जहाजावरील कॅसिनो आणि करमुक्त दुकाने बंदरात उभे असताना सामान्यतः बंद ठेवावी लागतात व बाहेर समुद्रात गेल्यावरच उघडतात, त्यामुळे रात्रीच्या सावकाश चालीत जहाजाच्या मालकाचेही हित असते, ही गोष्ट माहितीपत्रकात सूर्यास्ताच्या छायाचित्रामागे राहून जाते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानंतर मुंबईहून निघालेला मराठी माणूस याच समुद्रातून जात असे, परंतु तो बॅरिस्टर होण्यासाठी. मार्सेलिसला किंवा जिनोआला उतरून पुढे आगगाडीने लंडन गाठणाऱ्या त्या पिढीच्या लेखी जहाज हे साधन होते. आजच्या पिढीच्या लेखी जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असून शहरे ही त्याच्या बाहेर, पायऱ्या उतरल्यावर, लावून ठेवलेली असतात.

प्रस्तुत लेखनात ज्या दांपत्याचा विचार केला आहे ते डोंबिवलीचे. यजमान राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले आणि सौभाग्यवती शाळेतून. तिचे माहेर गुहागरचे, म्हणजे समुद्र या विषयात अंतिम मत तिचे, आणि वेळापत्रक या विषयात त्यांचे. प्रवासाचा आराखडा असा होता की बार्सिलोनाला जहाजावर चढावे, मार्सेलिस, नेपल्स, रोम आणि फ्लॉरेन्स पाहत जिनोआला उतरावे, आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने आगगाडीने फ्रान्समधील नीसला जावे. या यादीतील रोम व फ्लॉरेन्स या दोन शहरांना समुद्रच नाही, ही गोष्ट पैसे भरल्यानंतर नकाशा उघडल्यावर यजमानांच्या ध्यानात आली.

जहाजाविषयी यजमानांनी पुष्कळ पूर्वाभ्यास केला होता. त्याचे ‘ग्रॉस टनेज’ दीड लाखाहून अधिक असल्याचे ते पाठ करून आले होते आणि तेवढ्या टनांचे हे जहाज तरंगते कसे, याचे आश्चर्य भेटेल त्या सहप्रवाशाबरोबर वाटून घेत होते. वस्तुतः हा आकडा वजनाचा नसून जहाजाच्या आतील सर्व बंदिस्त जागेच्या घनफळावरून एका सूत्राने काढलेला असतो. या व्याख्येनुसार उभयतांची केबिनही त्या दीड लाखात धरलेली होती, हे मात्र सौभाग्यवतीला शेवटपर्यंत पटले नाही. ही केबिन ‘इंटीरियर’ वर्गातली, म्हणजे खिडकी नसलेली, आणि म्हणून सर्वांत स्वस्त. तिच्यात दिवा मालवला की दिवस आणि रात्र यांतील भेद संपतो. पहिल्याच रात्री सौभाग्यवती जाग आल्याबरोबर स्नान आटोपून, कुंकू लावून न्याहारीला निघाली, आणि वरच्या मजल्यावर नाचगाणे नुकतेच संपून परतणारी मंडळी भेटल्यावर पहाटेचे तीन वाजल्याचे उघड झाले.

जहाजाच्या नियमांपैकी दोन नियमांनी उभयतांना विशेष घेरले. पहिला सुरक्षेच्या सरावाचा: आपत्ती ओढवल्यास प्रत्येकाने कोणत्या ठिकाणी जमायचे हे आधी समजावून देतात, आणि २०१२ मध्ये इटलीच्या जील्यो बेटाजवळ झालेल्या भीषण अपघातानंतर हा सराव जहाज सुटण्यापूर्वी अथवा सुटताक्षणी घेण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय नियमांत आले. यजमानांनी तो इतका मनावर घेतला की पुढे प्रत्येक जेवणाआधी ते आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत एक फेरी मारून येत. दुसरा नियम विजेच्या किटलीचा व इस्त्रीचा: आगीच्या भयाने या दोन्ही वस्तू बहुतेक जहाजांवर वर्ज्य असतात, आणि सौभाग्यवतीची किटली तपासणीत निघून थेट कोठीत जमा झाली. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ बरोबर आणण्यास बंदी असल्याने पेढे घरीच राहिले होते. चिवड्याला अशी आडकाठी नसल्यामुळे तो चार डब्यांत भरून आला होता. परिणाम असा झाला की, चोवीस तास अन्न वाहत असलेल्या जहाजावर उभयता रात्री बंद केबिनमध्ये, चहाविना, चिवडा खात बसत आणि तो खाताना आवाज फार होतो का याची चर्चा करीत.

समुद्रासंबंधी सौभाग्यवतीचा पहिला अभिप्राय प्रतिकूल होता. बार्सिलोनाच्या धक्क्यावर तिने “भरती किती वाजता?” असे विचारले, आणि येथे भरती अशी फारशी येतच नाही हे उत्तर मिळाल्यावर तिने त्या समुद्राकडे, स्वयंपाकात मीठ विसरणाऱ्या सुगरणीकडे पाहावे तसे पाहिले. महासागराशी या समुद्राचा नैसर्गिक संबंध जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून येतो, ती सर्वांत अरुंद जागी सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे, आणि एवढ्या दारातून अटलांटिकची भरती आत पुरेशी शिरू शकत नसल्याने बहुतेक किनाऱ्यांवर पाण्याची चढउतार हातभरही नसते. जहाजांच्या वेळा पाळणे त्यामुळेच सोपे जाते. ही बाजू यजमानांनी मांडली. परंतु ओहोटी नसलेल्या समुद्रात शिंपले कोण आणि कधी वेचणार, या प्रश्नावर ते निरुत्तर झाले.

मार्सेलिसमध्ये मराठी प्रवाशाच्या लेखी एकच घटना घडलेली असते. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ जहाजाच्या पोर्टहोलमधून, म्हणजे जहाजाच्या कुशीतील लहान गोल खिडकीतून, विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना धरून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आले, आणि या प्रकाराचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे जाऊन २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. यजमानांना टेकडीवरचे नोत्र-दाम दे ला गार्द हे चर्च पाहण्यात रस नव्हता. त्यांना तो धक्का पाहायचा होता. आजची पर्यटक जहाजे शहराच्या जुन्या बंदरापासून कित्येक किलोमीटर उत्तरेला उभी राहतात, त्यामुळे उतरण्याची रांग, कार्डाची तपासणी, बसची रांग आणि बस, इतके सोपस्कार उरकेपर्यंत सकाळ सरली. उडी मारून उतरणारा ज्या किनाऱ्यावर काही मिनिटांत पोहोचला होता, तेथे तिकीट काढून उतरणाऱ्याला अर्धा दिवस लागला. जुन्या बंदरावर मासळी विकणाऱ्या एका वृद्धाला यजमानांनी हातवारे करून उडीची जागा विचारली असता, या वयात पोहण्याचा हट्ट बरा नव्हे अशा अर्थाची मान हलवून त्याने समुद्रस्नानाच्या पुळणीकडे बोट दाखवले. दरम्यान सौभाग्यवतीने त्याच्या फळीवरील मासळीचे डोळे व कल्ले तपासून ती ताजी असल्याचा निर्वाळा दिला होता, भावाला शंभराने गुणले होते आणि माशांविषयीचा आदर कायम ठेवून पाऊल मागे घेतले होते. युरोचे रुपये करण्याची ही क्रिया या प्रवासात तिने श्वासोच्छ्वासाइतकी नियमितपणे केली.

नेपल्सचे बंदर मार्सेलिससारखे दूर नाही. तेथे जहाज शहराच्या ऐन उंबरठ्यावर लागते आणि समोर व्हेसुव्हियस दिसतो, ज्याच्या इ. स. ७९ मधील उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले. इतर प्रवासी पॉम्पेईला गेले. उभयता मात्र भुयारी मेट्रोने पुरातत्त्व संग्रहालयाकडे निघाले, कारण यजमानांच्या वहीत एक नोंद होती: पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, ती सुमारे वीतभर उंचीची असून ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ या नावाने प्रसिद्ध झाली, आणि आता अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडलेल्या मूर्तींशी तिचे इतके साम्य आहे की ती याच भागात घडली असावी, असे मत मांडले गेले आहे. म्हणजे उद्रेकाच्या दिवशी पॉम्पेईत मराठवाड्याचे कोणीतरी हजर होते, असे म्हणण्यास वाव आहे. एवढ्या जवळच्या नात्याची व्यक्ती परदेशी असताना तिला न भेटता परतणे उभयतांच्या संस्कारांत बसणारे नव्हते.

तथापि या मूर्तीचे स्थान संग्रहालयाच्या ‘गुप्त दालना’त आहे. पॉम्पेई आणि परिसरात सापडलेली शृंगारिक चित्रे, शिल्पे व वस्तू या दालनात एकत्र ठेवलेल्या आहेत. १८१९ मध्ये पत्नी व मुलीसह आलेले येथील भावी राजे फ्रान्सिस यांनी त्या पाहिल्या आणि हा संग्रह कुलूपबंद करून केवळ प्रौढ व चारित्र्यसंपन्न व्यक्तींनाच दाखवावा असा आदेश दिला, तेव्हापासून ते दालन राजवटींच्या लहरीप्रमाणे उघडमीट करीत राहिले आणि २००० साली कायमचे खुले झाले. उभयतांना या इतिहासापैकी काहीही ठाऊक नव्हते. दारापाशी पादत्राणे काढावीत का, इतपत भाव मनात घेऊन ते आत शिरले. आत प्रथम जे समोर आले त्याचे वर्णन प्रस्तुत लेखनाच्या कक्षेत येत नाही. यजमानांनी चष्मा पुसला. सौभाग्यवतीने पस्तीस वर्षे वर्गावर गेलेल्या शिक्षिकेच्या स्वरात, “अहो, इकडेतिकडे न बघता सरळ चला,” एवढेच सांगितले, आणि दोघेही जमिनीवरच्या फरशीचे निरीक्षण करीत लक्ष्मीच्या काचेपर्यंत पोहोचले. मूर्ती अप्रतिम आहे: गळ्यात, कमरेत, हातापायांत दागिने खच्चून भरलेले, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, आणि दागिन्यांखेरीज अंगावर फारसे काही नाही, ज्यामुळे ती या दालनात का, या प्रश्नाचे उत्तर मिळते. सौभाग्यवतीने दागिन्यांची घडण बारकाईने पाहिली आणि पायांतील वाळ्यांची संख्या जरा अधिक असल्याचे मत दिले. परतीच्या वाटेवर फरशी पाहण्याचे काम उभयतांनी पुन्हा केले. मात्र यजमानांची चाल या वेळी थोडी मंद होती, असे सौभाग्यवतीचे निरीक्षण आहे. तेवढ्यात जहाजावरचे ठाण्याचे एक ओळखीचे कुटुंब त्याच दारातून आत येताना भेटले, तेव्हा “आम्ही लक्ष्मीच्या दर्शनाला आलो होतो” हे यजमानांचे वाक्य पूर्णतः सत्य असूनही कोणालाही खरे वाटले नाही.

जहाजाच्या वेळापत्रकात ‘रोम’ म्हणून जे छापलेले असते ते वस्तुतः चिवितावेक्किया होय. सम्राट ट्राजनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधवलेले हे बंदर रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. १८३१ पासून येथे फ्रान्सचा कॉन्सल, म्हणजे व्यापारी वकील, असलेला कादंबरीकार स्तांदाल येथील मुक्कामाला इतका कंटाळे की संधी मिळाली की तो रोमचा रस्ता धरी. क्रूझचा प्रवासीही तेच करतो. फरक एवढाच की त्याला संध्याकाळी परत यावे लागते. या परतण्याबाबत जहाजाचा नियम स्पष्ट आहे: जहाजाने स्वतः विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते, आणि प्रवासी स्वतःच्या हिमतीवर आगगाडीने गेला असेल तर जहाज निघून जाते. मनःशांती ही वस्तू येथे बसच्या तिकिटात मिसळून विकली जाते. सौभाग्यवतीचा कल ती विकत घेण्याकडे होता. यजमानांनी मात्र तीस वर्षे डोंबिवलीहून मुंबईला लोकलने जाऊन मस्टर गाठले होते, आणि गाडी चुकेल या भयाने बसचे तिकीट घेणे हा त्यांना स्वतःच्या पूर्वायुष्याचा अपमान वाटला.

इटलीच्या प्रादेशिक गाड्यांमध्ये ‘रेजोनाले’ म्हणजे सर्व ठिकाणी थांबणारी आणि ‘रेजोनाले वेलोचे’ म्हणजे थोडी स्थानके वगळणारी, असे दोन प्रकार असतात. यजमानांनी त्यांना अनुक्रमे स्लो आणि फास्ट अशी नावे देऊन विषय संपवला. छापील तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रातून शिक्का मारून घ्यावा लागतो, अन्यथा तिकीट असूनही दंड होतो. यजमानांनी प्रत्येक तिकिटावर दोन्ही टोकांना शिक्के मारले, कारण कूपन पंच करण्याच्या जुन्या सवयीने हात थांबेना. व्हॅटिकनच्या जवळच्या सान पिएत्रो स्थानकावर उतरल्यापासून रोममध्ये जे घडले त्याला पाहणे म्हणण्यापेक्षा वजाबाकी म्हणणे अधिक योग्य ठरेल. प्रत्येक स्थळापाशी यजमान घड्याळात पाहून उरलेले तास जाहीर करीत, आणि परतीसाठी त्यांनी शेवटच्या सोयीच्या गाडीच्या आधीच्या गाडीच्या आधीची गाडी मुक्रर केलेली असल्याने हे तास मुळातच कमी होते. स्पॅनिश पायऱ्यांवर, ज्या एकूण १३५ आहेत, सौभाग्यवतीने गुडघ्यांच्या विनंतीवरून टेकण्याचा यत्न केला. परंतु २०१९ पासून तेथे बसण्यास बंदी आहे व शिपायाची शिटी तत्काळ वाजते. कॉफीच्या दुकानात उभ्याने प्यालेली कॉफी स्वस्त आणि टेबलाशी बसून प्यालेली तीच कॉफी महाग असा इटलीत सर्रास रिवाज असल्यामुळे, आणि गुणाकार करण्यास कोणीतरी नेहमी तयार असल्यामुळे, तेथेही उभेच राहणे झाले. रोमने सौभाग्यवतीला मनापासून दिलेली एकच गोष्ट म्हणजे रस्तोरस्ती अखंड वाहणारे पिण्याच्या पाण्याचे नळ, ज्यांना नाकाच्या आकाराच्या तोटीवरून ‘नासोनी’ म्हणतात. थंड, गोड आणि फुकट. तिने बाटली चार वेळा भरली, आणि पुढचे प्रश्न उपस्थित झाले, ज्यांची उत्तरे इटलीत बहुधा नाणे टाकल्याशिवाय मिळत नाहीत.

त्रेवी कारंज्यात नाणे टाकणाऱ्याचे रोमला पुन्हा येणे होते असा समज आहे. ती नाणी वेळोवेळी गोळा करून ‘कारितास’ या कॅथलिक सेवासंस्थेला दिली जातात. यजमानांनी वीस सेंटचे नाणे टाकले. सौभाग्यवतीने टाकले नाही, कारण पुन्हा यायचे ते याच नवऱ्याच्या याच घड्याळाबरोबर का, याचा खुलासा त्या समजुतीत कोठेही नव्हता. संध्याकाळी उभयता जहाजावर पोहोचले तेव्हा जहाज सुटण्यास तीन तास बाकी होते. हे तीन तास सौभाग्यवतीने पुढे मोठ्या खुबीने वापरले: दुसऱ्या दिवशी ‘फ्लॉरेन्स’ म्हणून जे लिव्होर्नो लागले तेथून फ्लॉरेन्स दीड तासावर आणि पिसा अवघ्या पाऊण तासाच्याही आत, तेव्हा शिल्लक तासांचा हिशेब मांडून तिने फ्लॉरेन्स रद्द केले आणि पिसा पक्के केले. बँकेतल्या माणसाला शिलकेपुढे बोलता येत नाही.

पिसाच्या मनोऱ्याचे बांधकाम ११७३ मध्ये सुरू झाले, आणि तिसरा मजला चढत असतानाच तो भुसभुशीत जमिनीत एका अंगाने खचू लागला. मध्यंतरी युद्धांमुळे काम जवळजवळ शतकभर बंद राहिले व तेवढ्यात खालची माती दबून घट्ट झाली, म्हणून तो मनोरा टिकला. कामातील दिरंगाईचे इतके भव्य समर्थन जगात दुसरे सापडणे कठीण, आणि डोंबिवलीकराला ते पाहून आपल्या अर्धवट पुलांविषयी आशा वाटू लागते. १९९० मध्ये धोका वाढल्याने मनोरा बंद झाला. उंच बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून अभियंत्यांनी त्याचा माथा सुमारे ४० सेंटिमीटर मागे आणला आणि २००१ च्या डिसेंबरात तो पुन्हा उघडला. पुरता सरळ करण्याचा विचार त्यांनी केला नाही, कारण सरळ मनोरा पाहायला पिसाला कोण येणार. त्याच्या पुढच्या हिरवळीवर शेकडो माणसे हात पुढे करून हवेला धक्का देत उभी असतात; छायाचित्रात मनोऱ्याला आधार दिल्याचा भास व्हावा यासाठी ही मुद्रा असते. सौभाग्यवतीने यजमानांना अशा मुद्रेत उभे केले आणि “अहो, थोडे डावीकडे... नाही, माझ्या डावीकडे” असे करीत बराच वेळ ठेवले. आलेल्या छायाचित्रात यजमान एका अनोळखी जर्मन गृहस्थाला आधार देताना दिसतात.

या सगळ्या गर्दीला या समुद्राकाठची शहरे कंटाळली आहेत, हे नमूद करणे आवश्यक आहे. इटलीच्या सरकारने २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या मुख्य जलमार्गातून जाण्यास मनाई केली आणि व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशकर घेण्यास सुरुवात केली. ग्रीसने सांतोरिनी व मिकोनोस या बेटांवर क्रूझच्या प्रवाशांवर डोईपट्टी बसवली. बार्सिलोनाने जहाजांची टर्मिनल्स सातांवरून पाचांवर आणण्याचे ठरवले. ही तक्रार रास्त आहे, कारण जेवण आणि झोप जहाजावर, आणि शहराच्या वाट्याला फक्त पाय व बाटल्या, असा हा व्यवहार आहे. चिवड्याचे डबे बाळगणाऱ्या उभयतांनी शहरांना दिलेले उत्पन्न तर आणखी नाजूक होते.

जिनोआला उभयतांनी जहाज सोडले आणि यजमानांच्या खांद्यावरचे ओझे उतरले. आगगाडी चुकली तर दुसरी येते. तेथून वेंतिमिल्या या सरहद्दीच्या गावी गाडी बदलून नीसला जाणारा मार्ग समुद्राला अगदी चिकटून जातो असे ऐकून त्यांनी खिडकीची जागा घेतली होती. प्रत्यक्षात हा डोंगर थेट पाण्यात उतरणारा किनारा असल्याने बोगद्यामागून बोगदा येतो, आणि पश्चिमेकडचा बराच भाग तर अलीकडच्या काळात नव्या मार्गाने डोंगराच्या पोटात हलवलेला आहे. समुद्रालगतच्या जुन्या रुळांच्या जागी आता सायकलींचा रस्ता आहे. समुद्र दिसला की यजमान मोबाइल उचलीत, आणि मोबाइल उचलला की बोगदा येई. त्यांच्याकडील या प्रवासाच्या छायाचित्रांत काळ्या काचेत उमटलेला त्यांचा स्वतःचा चेहरा फारच चांगला आला आहे. सौभाग्यवती मोबाइल पिशवीत ठेवून बसली होती, त्यामुळे तिला समुद्र बराच दिसला.

नीसहून अर्ध्या तासाच्या आत मोनाको येते. अवघ्या दोन चौरस किलोमीटरचे हे संस्थान असून त्याचे रेल्वेस्थानकही डोंगर कोरून आत बसवलेले आहे. येथील प्रसिद्ध जुगारगृहात खुद्द मोनाकोच्या नागरिकांना खेळण्यास मनाई आहे, हे ऐकून यजमानांनी त्या राज्याच्या पतधोरणाविषयी गौरवोद्गार काढले. या भेटीनेच उभयतांमधील सर्वांत गंभीर वाद निर्माण केला: एकूण देश किती पाहिले? नातेवाइकांच्या गटावर आकडा कळवणे आवश्यक होते. यजमानांनी पाच सांगितले: स्पेन, फ्रान्स, इटली, व्हॅटिकन, मोनाको. सौभाग्यवतीने देशाची व्याख्या अशी केली की जेथे माणूस निदान दहा मिनिटे स्वस्थ बसला तो देश पाहिला. या कसोटीवर तेथील मोठ्या चर्चमधील बाकामुळे व्हॅटिकन टिकले, पण मोनाको गळाले आणि रोममुळे इटलीही धोक्यात आली. त्यावर यजमानांनी कागदोपत्री पुराव्याचा आग्रह धरला, आणि तेथे ते फसले. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील २९ देशांना मिळून चालणारा एकच प्रवेशपरवाना, जेथे मुक्काम सर्वाधिक त्या देशाकडे मागावा लागतो. समुद्रातील रात्री कोणाच्या खात्यात धरायच्या या प्रश्नावर एक रात्र जागून यजमानांनी तो इटलीकडून मिळवला होता. परंतु या देशांमध्ये आपापसांत सरहद्दीची नेहमीची तपासणीच नसल्याने पारपत्रावर नोंद व्हायची ती स्पेनमध्ये शिरताना आणि फ्रान्समधून निघताना. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांची जागा बोटांचे ठसे व चेहरा टिपणारी संगणकीय व्यवस्था घेत असून, उभयतांची जाण्यायेण्याची नोंद तिच्यातच झाली होती. पारपत्राची सर्व पाने उलटून पाहिल्यावर पुराव्यादाखल निघालेल्या देशांची संख्या शून्य भरली. अखेर सौभाग्यवतीने, “अगदी साडेचार कळवा, मोनाको अर्धा,” अशी तडजोड सुचवली, आणि गटावर साडेचार हा आकडा गेला. त्यावर नागपूरच्या धाकट्या जावेने, उरलेला अर्धा देश पुढच्या वर्षी करणार का, अशी विचारणा केली आहे.